अश्वजितच्या बिमारीबद्दल आणि माझ्या घराबद्दल

मी, वच्छला मंगरू खोब्रागडे, वय सदुसष्ट, मॅट्रिक पास, काम घरचेच, राहणार पिंपळटोला, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा, आज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

त्या दाखल्याचे आधी सांगते. काल सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला वार विचारला, मुलांची नावे विचारली, विसातून सात वजा करायला लावले आणि लिहून दिले. माझा थोरला मुलगा अश्वजित सोबत होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिले इचारा, सकाळच्या भाजीत मीठ टाकलं होतं का." डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर अश्वजित म्हणाला, "आई, मले पोलिसायनं इथं ग्यारा वेळा आणलं. मले त कोणी वार नाही इचारला. फुंक मार म्हणत, बस."

चार खोल्या वाटायच्या तर माझे डोके तपासतात. माणसाला कोठडीत टाकायचे तर नुसता तोंडाचा वास घेतात. हे मला पटलेले नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम १. माझ्या नावावरचे राहते घर अश्वजित जिवंत असेपर्यंत त्याच्याच राहण्यासाठी राहील. त्याच्यानंतर माझी बाकीची दोन मुले, अतुल आणि मनाली, यांना सारखे. धाकटा अतुल म्हणतो, "आई, दादा घर पिऊन टाकंल." अतुल, नीट वाच. विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार मी त्याला दिलेला नाही, आणि तो जिवंत असेपर्यंत तुलाही नाही.

कलम २. पोस्टातली ठेव मुलगी मनाली हिच्या हाती राहील. त्यातून अश्वजितच्या गोळ्या आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाण्यायेण्याचे भाडे. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणाव्या, संपल्यावर नाही. गोळीत खंड पडला की त्याच्या कानात आवाज येतात. ते दाबायला तो मोहाची दारू पितो. पिला की चौकात ओरडतो, ओरडला की पोलिसांची गाडी येते, आणि कोठडीत पुन्हा गोळी नाही. मी गोळ्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा ठाण्यातले साहेब म्हणाले, "दारुड्याले कायच्या गोळ्या, बाई? उतरली का सोडतो." नऊ वर्षे हेच चालले आहे. बिमारीसाठी एकदाही गाडी आली नाही, वासासाठी मात्र दहा मिनिटांत येते.

कलम ३. अश्वजितच्या बाबांची एसटीतली पान्यांची पेटी अश्वजितला. गोळी चालू असते तेव्हा गावातले अर्धे पंप तोच दुरुस्त करतो. त्याच्या हातात मजुरीऐवजी बाटली देणाऱ्यांनी माझ्या मयतीला येऊ नये. ते कोण हे त्यांना माहीत आहे.

कलम ४. हे लिहायला मला सगळ्यात जड जात आहे. २०१६ साली अश्वजितने शेजारच्या सुंदरबाईंच्या छपराच्या कवेलूंवर दगड मारले. छतातून कोणी शिव्या देते असे त्याला वाटत होते. त्या दिवशी त्याच्या पोटात दारूचा थेंब नव्हता. तोवर त्याने कधी घेतलीही नव्हती. पोलिसांनी विचारले, याला काय झाले? मनालीचे लगन जमत आले होते. अतुल माझ्या कानात म्हणाला, "बिमारी नको सांगू. सोयरीक मोडंल. पिऊन आहे म्हण." मी म्हटले, पिऊन आहे. त्यांनी तसा जबाब लिहिला, मी सही केली. खोटे न बोलण्याचे चौथे शील मी त्या दिवशी मोडले, आणि त्यानंतर विहारात दारू न पिण्याचे पाचवे शील म्हणताना सारे माझ्या मुलाकडे पाहत राहिले. माझी सही पाहून पुढच्या प्रत्येक कागदावर तेच लिहिले गेले. कोठडीतच त्याला कोणी शिकवले की घोट घेतला की आवाज थांबतात. खोटे मी आधी लिहिले, दारू त्याला नंतर लागली.

परवा याचा कच्चा मजकूर मी साक्षीसाठी सुंदरबाईंना वाचून दाखवला. त्या रागावल्या. "काहून नाही सांगितलं वच्छलाबाई? मी त दारुड्या समजून ठाण्यात फोन लावत होती. बिमार आहे म्हणाली असती त दवाखान्याची गाडी नसती का बोलावली?"

म्हणून कागदावर लिहिते. माझा मुलगा अश्वजित मंगरू खोब्रागडे याला स्किझोफ्रेनिया ही बिमारी आहे. लिहू का म्हणून मी त्याला विचारले. तो म्हणाला, "लिही. ग्यारा वेळा त्यायनं चुकीचं लिहिलं, तू एकदा बरोबर लिही."

कलम ५. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला गोड जेवण करू नये, चहा पुरे. वंदना झाल्यावर अतुलने उभे राहून कलम चार पूर्ण वाचावे. २०१६ साली माझ्या कानात जितक्या हळू बोलला, तितक्याच मोठ्याने वाचावे. मागे बसलेल्यांना ऐकू आले नाही तर पुन्हा वाचावे.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली. आधी केलेल्या त्या एका सहीपेक्षा ही खरी मानावी.

ठिकाण: पिंपळटोला
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही) वच्छला मंगरू खोब्रागडे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. (सही) सुंदरबाई हरिचंद वैद्य, शेजारी
२. (सही) टेकचंद सोमाजी गजभिये, निवृत्त शिक्षक