क्लिव्हियाची निरवानिरव

समोरच्या इमारतीने आपली भिंत पांढरी रंगवली, म्हणून मला मरणाचा विचार करावा लागत आहे. त्या भिंतीवरून उसळलेले ऊन रोज दुपारी चाळीस मिनिटे माझ्या खिडकीत, सावलीतच फुलणाऱ्या क्लिव्हियाच्या कुंडीवर येते. अकरा वर्षे जपलेली सावली ही माझी खरी स्थावर मालमत्ता. ती दिवसाढवळ्या पळवली गेली. त्यांच्या सेक्रेटरीला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले, "बाई, छान उजेड आला की!" उत्तरात चार चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवले.

शिवाय सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. पोट त्यांचे नव्हे. तेव्हा मी, वय त्रेपन्न, अविवाहित, पेशाने मुद्रितशोधक, डोके ठिकाणावर असताना (वहिनीचे मत वेगळे आहे) आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते की:

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक थोरल्या भावाला. त्याने कधी काही मागितले नाही. मागायला वहिनी होती.

२. लाल पेनांचा खोका छापखान्याच्या मॅनेजरला. मी काढलेल्या चुका त्याने वीस वर्षे पुन्हा घातल्या. आता दोन्ही कामे त्यानेच करावीत.

३. वहिनीने घरातले हवे ते न्यावे, खिडकीतली क्लिव्हिया सोडून. मी चार दिवस बाहेरगावी होते, तेव्हा "किती कोंबलंय हो बिचारीला, वन्सं! श्वास कसा घेणार?" म्हणत तिने ती बादलीएवढ्या कुंडीत हलवली. क्लिव्हियाची मुळे दाटल्याशिवाय तिला केशरी फुलांचा झुपका येत नाही. तीन वर्षे नुसती पाने. वहिनी म्हणते, "पण तब्येत बघा कशी सुधारलीय!" माझ्या भावाचेही तिने हेच केले आहे.

४. क्लिव्हिया सांभाळणाऱ्याने तिला सावलीत, लहान कुंडीत ठेवावे. पाने ओल्या फडक्याने पुसावीत. थंडीत दोन महिने पाणी बंद. पाने मरगळली, तुमचे मन विरघळले, तरी बंद. फुलाचा दांडा वीतभर वर आला की मगच पाणी. माया उतू जात असेल तर मांजर पाळावे.

५. हे कलम मी चारदा खोडले. अकरा वर्षांपूर्वी, थंडीत, तळमजल्यावरच्या शिवणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. आपली क्लिव्हिया माझ्याकडे सोपवताना म्हणाल्या, "पाणी घालू नका हं. नुसतं बघत जा." मी रोज तांब्याभर घातले. मला दया आली. महिन्याभरात बुंधा सडला. कडेला फुटलेले एक पिल्लू, बोटभर रोप, तेवढे सुरीने सोडवून मी माझ्या कुंडीत लावले, आणि बाई परतल्यावर रिकामी कुंडी त्यांच्या हाती देऊन सांगितले, "थंडीनं गेली हो."

माझ्या खिडकीत आहे ते तेच पिल्लू. वहिनीच्या बादलीआधी फूल यायचे, तेव्हा बाई दोन जिने चढून बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "अगदी माझ्यासारखीच आहे हो." मी घाईने चहा ठेवायचे.

तरी माझ्या पश्चात क्लिव्हिया त्यांना द्यावी आणि हे कलम वाचून दाखवावे. म्हणजे मी समोर नसेन.

६. वरचे कलम रद्द. आज सकाळी कुंडी मीच खाली नेली. (डॉक्टरांना कळवू नये.) सगळे सांगितले. बाईंनी मशीन थांबवले.

"रोज घातलंत?"

"रोज. तांब्याभर."

"वाटलंच. थंडीनं गेलेली वाळते हो. माझ्या कुंडीला कुजका वास येत होता."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"पिल्लू बरं वाढवत होतात. म्हटलं, नुसतं बघत जावं."

आणि त्यांनी कपाटाआडच्या सावलीत जागा केली. सबब क्लिव्हिया माझ्या मालमत्तेत धरू नये.

सही: वरची बाई
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (कलम तीनला दोनदा हसला). २. तळमजल्यावरच्या शिवणबाई. या कागदाने त्यांना काहीच मिळत नसल्यामुळे त्या साक्षीला मोकळ्या आहेत.
ठिकाण: रिकामी खिडकी
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार