चंपाला हजर करा

घाटकोपर,
३ फेब्रुवारी १९८६

ती. गुणाजीमामांस,

विमलाचा सा. न. आईची तब्येत ठीक. तू पाठवलेली आमसुलं पोचली. खुशाली एवढीच, पुढचं जरा बसून वाच.

बाबांना जाऊन सहा महिने झाले. खोली आईच्या नावावर व्हायला कोर्टाचा वारसदाखला हवा, म्हणून आज पाचव्यांदा त्या कचेरीत गेले. एकदा स्टॅम्प कमी पडला, एकदा कपाटाची चावी ज्याच्याकडे तोच लग्नाला गेलेला, मागच्या खेपेला तर आमचा अर्जच सापडेना. आज सापडला, तर त्याला हरकत! घरमालकानं बाबांचा १९५४ सालचा खोलीचा करार आणून दिलाय. त्यात बाबांच्याच अक्षरात लिहिलंय, पत्नीचं नाव चंपा. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, पहिली बायको असताना दुसरीला दाखला कसा देणार? "चंपाला हजर करा." तेही पाच मार्चपर्यंत, नाहीतर अर्ज फेटाळणार आणि मालक आम्हाला बाहेर काढणार.

मामा, सगळी रांग माझ्याकडे बघत होती. ही चंपा कोण रे? आईला विचारायची माझी छाती नाही. बाबांच्या फोटोला रोज मी फूल वाहते, आज वाहिलं नाही. खरं काय ते लिही, मला काय वाटेल याची काळजी करू नकोस.

डोकं फिरलंय माझं, पण तुझ्यावर राग नाही. तू लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची,
विमला

कुडाळ,
१३ फेब्रुवारी १९८६

चि. विमला हिस अनेक आशीर्वाद.

अगो, तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग तुझ्या मामीनं मला झापलं. तुझी आईच चंपा! आम्ही तिला बायच म्हणतो, म्हणून तुझ्या कानावर ते नाव कधी पडलं नाही. लग्नात तिच्या सासूनं बदलून वनमाला केलं. मुलीला कोण विचारतंय तेव्हा? तुझ्या बाबाला, धाकूला, ते पटलं नव्हतं, पण आईसमोर तोंड उघडायची टाप नव्हती. करार लिहिताना मी शेजारीच होतो. म्हटलं, बाबा रे, कागदावर तरी वनमाला लिही. तर म्हणतो कसा, "लग्नात ताटातल्या तांदळात आईनं सांगितलं ते नाव लिहिलं. ही खोली माझी आहे, इथे चंपाच." आता भोगा त्याचा हट्ट.

माझे गुडघे धरलेत, एसटीत बसवत नाही. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र केलंय, सोबत जोडतो. तीन फेऱ्या मलाही मारायला लावल्या, तेव्हा मुंबईच्या कारकुनांचंच कौतुक नको सांगूस.

आणि आधी फोटोला फूल वाहा. मामीचे आशीर्वाद.

तुझा मामा,
गुणाजी

घाटकोपर,
६ मार्च १९८६

ती. गुणाजीमामांस,

सा. न. तुझं पत्र आलं त्याच दिवशी फूल वाहिलं आणि बाबांसमोर कान धरले.

काल आईला घेऊन गेले. साडेदहापासून बाकावर बसलो. प्रतिज्ञापत्र बघून कारकून म्हणतो, शिक्का पुसट आहे. मग माझा तोल गेलाच. म्हटलं, शिक्का तुमच्या सरकारचाच आहे, मामानं बटाटा कापून मारलेला नाही. रांग हसली. तो कागद घेऊन साहेबांकडे गेला तो अडीचला उगवला, आणि दारातूनच ओरडला, चंपा धाकू राणे कोण?

त्या नावाला उठायचं, असं आईला मी घरून पढवून आणलं होतं. विसरेल अशी धास्ती होती. पण मी कोपर मारायच्या आत ती उठली आणि 'ओ' म्हणाली. अगदी हळू, घरातल्या घरात देतात तशी. तिचा अंगठा घेतला, हरकत काढून टाकली. मग मात्र ती पदर तोंडाला लावून जी रडली! बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. मी म्हटलं, आई, झालं ना आता काम. तर म्हणाली, "सात महिने झाले गं, या नावानं कोणी हाक नव्हती मारली. तू घरात नसलीस की हे मारायचे."

नक्कल आठ दिवसांनी देणार आहेत, म्हणजे पंधरा धर. अजून दोन खेपा तरी आहेतच नशिबात.

मामा, एक कर. यापुढे आईला पत्र लिहिशील त्यात बाय नको, चंपा लिही. पत्रं तिला मीच वाचून दाखवते. मला काही तिला नावानं हाक मारता येत नाही, पण वाचता तर येईल.

आमच्यावर आहे तो लोभ राहू दे, आणि पत्र लवकर घाल.

तुझी,
विमला