ताक प्यालेल्यांची रांग

सोलापूर
मंगळवार, ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. बिरदेव यास सुकन्याआक्काचे आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तू बरा नाहीस हे मला कळलंय, म्हणून खुशाली विचारत नाही. तुझा फोन बंद. शालनचा फोन तू काढून घेतलेला. मायाप्पाकाकांच्या फोनवर बोलावं तर ते तो कानाला उलटा लावून "आवाजच न्हाय" म्हणत ओरडत बसतात. म्हणून हे पत्र लिहितेय. शालन तुझ्यासारख्या नवऱ्यापायी कालपासून इथंच राहिलीय, आमच्या कॅज्युअल्टीच्या दारात पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, संध्याकाळच्या गाडीनं ती हे तुझ्या हातात देईल. बाळंतीण लेकीला, चैतालीला, वाचायला बसवू नकोस. स्वतः वाच. बाराखडी मीच शिकवलीय तुला, पाठीत धपाटे घालून.

आधी कामाचं सांगते. म्हैस चारा खाईना, तोंडातून लाळ गळायला लागली, तर तुला वाटलं घशात कडब्याचं बुडखं अडकलं. म्हणून तू कोपरापर्यंत हात घातलास तिच्या तोंडात. बोटांवर विळ्यानं कापलेलं होतं, ते तसंच. म्हैस पिसाळलेली होती आणि आता ती मेली. गुरांच्या डॉक्टरनं तुला तोंडावर सांगितलं, तालुक्याच्या दवाखान्यानं चिठ्ठी दिली की सोलापूरला जा, जखमेत द्यायचं औषध तिथंच मिळेल. आणि तू काय केलंस? "तिच्या दवाखान्यात न्हाय जायाचं" म्हणून मेंढरं घेऊन रानात गेलास. वा रे शहाण्या! म्हशीच्या तोंडात हात घालायला भ्यायला नाहीस आणि बहिणीच्या दारात यायला भितोस.

आता काल तुझ्यामुळं माझ्यावर काय वेळ आली ते ऐक.

सकाळची वेळ. कॅज्युअल्टी आधीच भरलेली. डेंग्यूची दोन पोरं एका खाटेवर, होटगी रोडवर उलटलेल्या रिक्षातली माणसं बाकावर, एका म्हातारीला धाप लागलेली, आणि सिस्टर आम्ही दोघीच, कारण तिसरीला स्वतःलाच ताप. तेवढ्यात दारात टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून माणसं उतरायला लागली. उतरतातच, उतरतातच. मी स्ट्रेचर घेऊन धावले. बघते तर पुढं मायाप्पाकाका.

"काका, अपघात कुठं झाला?"

"अपघात न्हाय गं बाय. ताक पिलोय."

नातीच्या बारशाला तू मठ्ठा केला होतास म्हणे, त्याच म्हशीच्या दुधाचा. पंगतीला जेवढी माणसं होती तेवढी सगळी टेम्पो करून आलेली. बायका भाकऱ्या बांधून आलेल्या, शेंगाची चटणीसुद्धा विसरल्या नव्हत्या. आमचे डॉक्टर यशपाल म्हणजे कालपरवाचं पोर, अकलूजहून आलेलं, अजून कुणावर ओरडायला शिकलेलं नाही. त्यानं विचारलं, "ताक प्यायल्यावर काय त्रास होतोय?"

काका म्हणाले, "तरास काय बी न्हाय. पर म्हस मेली की."

किराणावाल्या प्रभुलिंगअण्णांनी तर उरलेला मठ्ठा कॅनमध्ये भरून आणलेला, तपासायला! कॅन टेबलावर ठेवला आणि रांगेत नंबर धरायला गेले. तेवढ्यात रिक्षातल्या पेशंटचा मेव्हणा बाहेरच्या उन्हातून आत आला, ग्लास भरून घटाघटा प्याला आणि म्हणाला, "जरा आंबट झालंय." रांगेत अजून एक माणूस वाढला.

डॉक्टरांनी स्टुलावर उभं राहून समजावलं. दूध तापवून विरजलेलं असेल तर त्या ताकानं काही होत नाही. जे धारेचं कच्चं दूध प्याले, ज्यांच्या जखमेला किंवा डोळ्यातोंडात लाळ गेली, तेवढ्यांनी या बाजूला यावं, बाकीच्यांनी घरी जावं. मला वाटलं, आता सुटकेचा श्वास टाकतील. कसलं काय! सगळे रुसले. धारेचं दूध पिणाऱ्या तालमीतल्या पोरांना सुई, म्हशीची धार काढणाऱ्या शालनला सुई, शेण काढणाऱ्या गड्याच्या हाताला चीर होती म्हणून त्याला सुई, आणि पंगतीत पाटावर बसलेल्यांना नुसतं "जावा घरी"? अजिनाथ तर बाह्या सरसावून पुढं आला.

"आमी काय आगंतुक हुतो व्हय? गड्याला सुई आन आमाला न्हाय? ह्यो मान राखायची रीत झाली?"

बिरदेव, आपल्या माणसांना मानाचं काय वेड असतं ते मला सांगायला नको आणि तुलाही नको.

पण मी अजिनाथला धरलं. म्हटलं, "दादा, तुम्ही तर बांधाच्या भांडणापासून बिरदेवच्या घरी जेवत नाही. गावभर सांगत फिरता. बारशाला होता कुठं?" तो दाराकडं बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "पंगतीत न्हवतो. मागल्या दारानं तांब्याभर दिलं शालननं. ऊन लई हुतं." आख्खी रांग हसली. मी तर पोट धरून हसले. टेबलाला टेकून हसले.

आणि देव वरून बघतच असतो.

मी नावं लिहून घेत होते. शालनला विचारलं, "अजून कुणाच्या पोटात गेलंय या म्हशीचं?" शालन पदराशी चाळा करायला लागली. मी दटावलं. "लपवू नकोस. इथं लपवालपवी म्हणजे जिवाशी खेळ. नाव सांग." तर ती साऱ्या गावासमोर, माझ्या डॉक्टरांसमोर, त्या ताकपित्या मेव्हण्यासमोर म्हणाली,

"वन्सं, तुमी."

वर मायाप्पाकाकांनी साक्ष दिली. "व्हय की. सोमवारचा डबा मीच आणतो की. सायीचं दही. आन मोकळा डबा बी मीच नेतो."

झालं ते असं. तुझ्या घरचा घास घेणार नाही म्हणून मी चैतालीच्या लग्नात मांडवातून उठून आले, ते तू ऐकलंस. पुढचं तू ऐकलेलं नाहीस. त्याच महिन्यात शालननं पहिला डबा पाठवला. मी परत पाठवणार होते. तुझे दाजी म्हणाले, परत पाठव, पण आधी मला एक वाटी दे. मग मीही चाखलं. मग दर सोमवारी. दही म्हणजे काही घास नव्हे, ते नुसतं गिळायचं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. हस आता. साऱ्या गावानं हसून घेतलंय, तू एकटाच राहिलायस.

शालनला एक शब्द बोललास तर याद राख. तिनं सुई घेतलीय, "आई गं" सुद्धा म्हणाली नाही. पुढच्या तारखा पदराला गाठी मारून लक्षात ठेवते म्हणाली.

आणि तुझं खरं दुखणं मला कळत नाही असं समजू नकोस. माझा राग हे एक निमित्त आहे. तू सुईला भितोस. शाळेत टोचायला आले होते तेव्हा तू मेंढरांच्या कळपात शिरून चार पायांवर रांगत पार ओढ्यापर्यंत गेला होतास, आणि आपल्या अण्णांनी तुला कानाला धरून आणलं तर अंगाला लेंड्या चिकटलेल्या. आता पोटात चौदा सुया नसतात रे. ते जुनं झालं. दंडात देतात, मुंगी चावल्याइतकं. थोड्या थोड्या दिवसांनी पाच वेळा यायचं. जखमेच्या कडेनं देतात ती मात्र दुखते, तुला खोटं सांगत नाही. ओरड खुशाल. तिथं सगळेच ओरडतात.

बिरोबाचा भंडारा लाव, मी आड येत नाही, पण कपाळाला लाव. जखमेला नको. कुणा बाबानं मुळी बांधली असेल तर ती सोड, आणि हे वाचून झालं की वाहत्या पाण्याखाली साबणानं हात धू. पाव तास. शालनला घड्याळ घेऊन समोर बसव. "आता काय उपयोग" म्हणू नकोस. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं हे दुखणं नव्हे.

एवढं लिहून मी मघाशी पेन ठेवलं होतं. धाप लागलेल्या म्हातारीला वर वॉर्डात पोचवून आले. आता उरलेलं लिहिते.

काल दह्याचं प्रकरण निघालं तेव्हा रांगेतून ओरडा झाला, "सिस्टरला पयली सुई द्या!" मी म्हटलं, दही तापवलेल्या दुधाचं आहे, आणि ही सुई माझी आधीच घेऊन झालीय. काकांनी विचारलं, "कवा?" मी डेंग्यूच्या पोराचं सलाईन बघायला गेले. तुला सांगते. चैतालीच्या लग्नानंतर लगेच.

हळदीला पहिला हात आत्याचा. तू सकाळपासून वाट बघितलीस, मी आले नाही, मग चुलत बहिणीला तो मान दिलास. मी अक्षतांच्या वेळेला युनिफॉर्मवरच आले. तू म्हणालास, "पाहुणी आली, ताट वाढा तिला." मी सगळ्यांना सांगितलं की डेंग्यूची गर्दी होती, रजा रद्द झाली. ते खोटं होतं. रजा मिळालेली होती. मी साडी नेसून, निघायच्या आधी फक्त किल्ल्या द्यायला कॅज्युअल्टीत आले होते.

तेव्हाच एका माणसाला आणलं. मेंढपाळच, तुझ्याएवढा, तुझ्यासारखाच पटका. आजारी बैलाच्या तोंडात हात घातला होता त्यानं, महिना दीड महिना होऊन गेलेला. मधल्या काळात काहीच झालं नाही, म्हणून सगळे विसरले. आता पाण्याचा ग्लास दिसला तरी त्याचा गळा आवळत होता. पंख्याचा वारा सोसत नव्हता. आणि बिरदेव, माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत होतं. मध्ये मध्ये तो आम्हालाच म्हणायचा, बाजूला व्हा, मी चावीन. त्याची बायको माझा हात धरून विचारत होती, "घशातलं बुडखं काढायला गेला, बाई. त्यात काय चुकलं त्याचं?" एकदा हे दुखणं उमटलं की आमच्या हातात काही उरत नाही. मोठ्यातल्या मोठ्या दवाखान्यातही नाही. त्याची खोली अंधारी करायची, गुंगीचं औषध द्यायचं आणि जवळ बसायचं, एवढंच. त्या दिवशी बसायला दुसरं कुणी नव्हतं. मी साडी बदलली आणि बसले. तो गेल्यावर अंगावर पाणी घेतलं, धुतलेला युनिफॉर्म चढवला आणि तुझ्या मांडवात आले.

हळदीच्या अंगाच्या पोरीसमोर मी काय सांगणार होते? कुठून आलेय ते? तुझ्या डोक्यावर लग्नाचा पटका होता, मला त्याच्याकडं बघवेना. तू ताट वाढा म्हणालास आणि माझ्या तोंडाला येईल ते मी बोलले. मग बोललेलं मागं घेणं राहून गेलं. ते आजपर्यंत राहिलं.

काल शालननं तुझ्या हाताचं सांगितलं, तेव्हा मी पुढं नावं लिहीत राहिले, कारण लोक बघत होते. मग औषधाच्या खोलीत जाऊन रडले. सव्वीस वर्षं झाली या नोकरीला. लोकांच्या दारात उभं राहून "गेले" म्हणून मी किती वेळा सांगितलंय, ते मोजलेलं नाही. शालनला मी ते सांगू शकणार नाही. मला जमणार नाही ते.

म्हणून मी सगळी सोय केलीय. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं ये. तुझ्या नावाचं औषध फ्रीजमध्ये आहे. मी माझी पाळी बदलून दुपारची घेतलीय. तू येशील तेव्हा मी कॅज्युअल्टीत नसेन, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. डॉक्टर यशपालना सांगून ठेवलंय, पटका बांधलेला, मिशीवाला, घामानं भिजलेला माणूस दारात दिसला की पळायच्या आत धरा. मी वरच्या मजल्यावर स्टोअरमध्ये बसेन. खिडकीतून बघणारसुद्धा नाही. बघेन, पण तुला कळणार नाही.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. म्हातारे होईपर्यंत नको बोलूस. लोकांना सांग की ही माझी कुणी नाही. माझं काही म्हणणं नाही. फक्त तू जिता राहा, बिरदेव. मला रुसायला तेवढं एकच माणूस आहे.

तुझ्याशी अजूनही न बोलणारी,
आक्का