जोडवर्गाचा पेपर

प्रिय खारूताई,

जेवणाची सुट्टी झाली आहे. डबा बाजूला सारून हत्यारांच्या कपाटावर कागद ठेवलाय आणि उभ्यानेच लिहिते आहे. तेलाचे डाग पडतील, चालवून घे. फोनवर आपण हवापाणी आणि तब्येत यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझी आई कॉलेजात जाते. हसू नकोस. आमच्यासारख्या, शिकाऊ उमेदवारी करून लेथ मशीनवर आलेल्या कामगारांना आता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. आधी सहा महिन्यांचा जोडवर्ग करायचा आणि शेवटी गणिताचा पेपर द्यायचा. तो सुटला तर जागा पक्की, नाहीतर नाव कट. आमच्या खात्यातून तिघांनी अर्ज केले होते, दोघे पहिल्याच महिन्यात गळाले. उरले मी. फोरमन रोज विचारतो, डिग्री मिळाली की लेथ तुला उठून सलाम ठोकणार का. पण अर्जावर पहिली सही त्यानेच केली, आणि संध्याकाळच्या तासांसाठी पाळीही गुपचूप बदलून दिली.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर इतर कारखान्यांतली सगळी तरणी पोरं उठून उभी. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एकच हशा. मीही हसले. एकोणीस वर्षांत लेथ फिरत असताना माझा हात कधी हलला नाही, तू पाहिलं आहेस. तोच हात पेन धरला की थरथरतो. फळ्यावर समीकरण आलं की कानात नुसता भोंगा वाजत राहतो आणि सरांचं पुढचं काही ऐकू येत नाही.

पहिल्या चाचणीत तर मी कमालच केली. बारा गणितं होती, बाराही उत्तरांपुढे अधिक-उणे लिहून आले. पंचवीस, दोन शतांश इकडे किंवा तिकडे. आमच्याकडे नुसतं पंचवीस म्हणणाऱ्याला कोणी यंत्राजवळ उभं करत नाही. किती फरक चालेल ते सांगितल्याशिवाय माप पुरं होतच नाही. सरांनी बाराही उत्तरांना लाल गोल केले. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान, आवाज मऊ. म्हणाले, "ताई, इथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक. मधलं काही नसतं." चिडले नाहीत, तासानंतर थांबून समजावलंसुद्धा. मला मात्र त्या वाक्याचीच धास्ती बसली. माझी सगळी उमर त्या मधल्या जागेत काम करण्यात गेली.

तेव्हापासून जेवण जात नाही. तुझ्या बाबांना सांगते, पित्त झालंय. एका रविवारी तुझ्या जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या, म्हटलं काही आधार मिळेल. पहिल्या पानांवर अक्षर काय नेटकं आहे तुझं. पुढे ते बारीक बारीक होत गेलंय. शेवटच्या वहीत एकच गणित सात वेळा खोडून पुन्हा मांडलंय, आणि त्यानंतर पानं कोरी. मी त्या वह्या तेव्हा उघडूनही पाहिल्या नव्हत्या.

आता खरं ते लिहिते. गेल्या सोमवारी तो पेपर होता. वेळेआधी पोचले, ओळखपत्र हातात, आणि हॉलच्या दारातून वळून बाथरूममध्ये शिरले. आतून कडी लावली. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता, बोटं बधिर झाली होती. बाहेर घंटा झाली. तीन तासांनी दुसरी झाली, तेव्हा कडी काढली. बाबांना सांगितलं, पेपर बरा गेला. सरांना मात्र खोटं सांगवलं नाही. त्यांनी खटपट करून येत्या सोमवारी पुन्हा बसायची परवानगी मिळवून दिली आहे, आणि ही शेवटचीच. मी जाईन की पुन्हा कडी लावून घेईन, मला सांगता येत नाही. त्या तीन तासांत मला तूच दिसत होतीस. दोन वर्षांपूर्वी परीक्षा अर्धी सोडून घरी आलीस आणि चपलाही न काढता म्हणालीस की आई, मला श्वास घेता येईना. आणि मी मावशीच्या देखत म्हणाले, "नाटकं पुरे कर. पेपरने कोणी मरत नाही." पुढच्या आठवड्यात तू बॅग भरून परगावी नोकरी धरलीस. ती नाटकं नव्हती, खारूताई. माझं चुकलं, आणि थोडंथोडकं नाही. हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. सोमवारी दहाला पेपर आहे. तुला वाटलं तर साडेनऊला फोन कर. धीर देऊ नकोस, काही समजावूही नकोस. मी दाराच्या आत जाईपर्यंत नुसती लाइनवर राहा.

तुझीच,
भेदरलेली आई