दगडी कन्याशाळेचा हजेरीपट

कार्तिक वद्य ५, सोमवार. नांदेड.
सकाळी चौकात गेलो. रस्ता रुंद करण्यासाठी दगडी कन्याशाळा पाडली, त्यास महिना झाला. आता जोत्याचे दगडही गाड्यांतून चालले आहेत. वडाराने विचारले, "मास्तर, रोज येऊन काय हुडकून राहिलात?" शाळेचा इतिहास लिहावयाचा आहे, असे सांगितले. "मंग पाडायच्या आदी लिवायचा की!" त्याचे म्हणणे सर्वस्वी योग्य.
इंदिरा जाऊन चार महिने होतील. आमच्या लग्नापूर्वी ती याच शाळेत दोन वर्षे शिकली. आजारपणात म्हणे, "आमच्या शाळेचं कुणी काही लिहून ठेवलं नाही." मी उत्तरपत्रिका तपासत होतो. "हं" म्हटले.

वद्य ८, गुरुवार.
कचेरीत जुने दप्तर पाहिले. सगळे घाईच्या लपेटीदार उर्दू अक्षरात, तेथील मुनशींनी वाचून दाखविले. शाळा कोणी बांधली, खोल्या किती, सर्व मिळाले. हजेरीपटात मुलींची नुसती नावे. वडिलांची नोंद नाही. इं.चे नाव नाही. "मास्टरसाब, तीन बार देखा. या नावाची लडकीच न्हाई." पुढील गुरुवारी दप्तर हैदराबादेस रवाना होणार.

वद्य ९.
इं. खोटे बोलत असे काय? चार पाने लिहून झाली. निर्जीव. जेवलो नाही.

वद्य ११, रविवार.
यमुनाबाई सापडली. घरोघर फिरून मुलींना शाळेत नेणारी बाई. आता दृष्टी गेली आहे. इं.चे नाव सांगताच हसली. "सासरचं नाव घिऊन माहेरची पोर हुडकता व्हय मास्तर? बी. ए. झालात म्हनं!"
लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने 'इंदिरा' हे नाव मीच लिहिले होते. त्याआधीचे नाव तेव्हा कानावर पडले असेलच. आठवत नाही. बावीस वर्षांत विचारले नाही.
मग मी सासुरवाडीची गल्ली सांगितली. "तिथून चौघी नेत हुते. चंपा, गोदी, भिवरा, ठकी. येकीला तर कडेवर घ्यावं लागायचं, लई हट्टी." कोणती, हे तिला आता सांगता येईना. मलाही.

वद्य १२, सोमवार.
चारही नावे हजेरीपटात आहेत. मुनशींनी खुणा केल्या. काही विचारले नाही, हे त्यांचे सौजन्य.
मेहुण्यांस कंधारला पत्र लिहावयास बसलो. साष्टांग नमस्कार, क्षेमकुशल, शाळा पाडल्याचे वृत्त, इतके सहज उतरले. 'आपल्या भगिनीचे माहेरचे नाव' येथवर येऊन टाक थांबला. आज उत्तर मागितले तरी गुरुवारपूर्वी येईल की नाही, शंकाच.
दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून चारही नावे एकेक करून उच्चारली. 'अगं' यापलीकडे तिला मी कधी हाक मारली नव्हती. 'ठकी' म्हणताना आवाज आपोआप खाली आला. त्यावरून काही सिद्ध होत नाही.
टपाल सकाळी निघते. वाक्य अद्याप—