उरलेल्या कापडाचा कुर्ता

दादा,

बलात्काराच्या बातमीत तू भाचीचं नाव छापलं नाहीस, फोटोतला चेहराही पुसलास. कायदा पाळला म्हणतोस. मोठे उपकार केलेस. पण अंगातला कुर्ता तसाच ठेवलास. तो मी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून शिवला होता, हे तुला चांगलं ठाऊक होतं. गल्लीतल्या प्रत्येक बाईने आपापला तुकडा ओळखला. एक तर दुकानात येऊन विचारते, "बाही माझ्याच कापडाची ना?"

काल पोरीने कुर्ता उसवला. म्हणाली, "आई, जिचा तुकडा तिला देऊन टाक."

हे पत्र टाकणार नाही. तुझा काय भरवसा, हेही छापशील.

जिचं नाव तू छापलं नाहीस,
तिची आई