आईच्या बरगडीचा अहवाल

प्रिय नेल्सी,

प्रिय लिहिलं, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असते. खरं सांगायचं तर ऑगस्टपासून घरात तुझं नाव निघालं की मी भांडी आपटते, आणि तेओफिला आत्या म्हणते, “अगं, त्या बिचाऱ्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?” तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मधेच तोडतेस, मोठमोठे शब्द वापरतेस, आणि शेवटी मीच “बरं बाई, तू म्हणशील तसं” म्हणून गप्प होते. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. निमूट वाच.

ऑगस्टमध्ये तू मेरिदाहून आलीस, तेव्हा मी तुझ्यासाठी टर्कीचं काळं कालवण केलं होतं. दोनदा वाढून घेतलंस. मग हात पुसून तुझ्या खोदकामावरचा तो छापील लेख काढलास आणि बाबा पडले होते त्या टांगत्या झोळीजवळ खुर्ची ओढलीस. बाबा किती खूश होते! जंगलातल्या त्या बुजलेल्या शहराबद्दल तू सांगत होतीस, फुटक्या पाट्या-वरवंट्यांबद्दल, मडक्याच्या तळाला खरवडून सापडलेल्या कोकोबद्दल. बाबा म्हणाले, “अगं, असली खापरं तर मका पेरताना माझ्या काठीला रोज लागायची, मी शिव्या देऊन बांधावर फेकायचो.” तू खळखळून हसलीस. माणूस मरून हजार वर्षं झाली तरी त्याच्या हाडाचा तुकडा यंत्रात घातला की त्याने मका किती खाल्ला, मांस किती खाल्लं ते कळतं, असं तू सांगितलंस. राजवाड्यातले लोक हरीण खायचे, बाहेरचे मक्यावर जगायचे. इथपर्यंत ठीक होतं. मग तू म्हणालीस की तुलनेसाठी आजच्या काळातली, आपल्याच भागातली एक बाईही तपासली. मरण्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत तिच्या पोटात मांस जवळजवळ गेलंच नाही. त्या जुन्या शहरातल्या सगळ्यांत खालच्या थरातल्या बायकांशी तिची हाडं जुळतात. बाबांनी साधेपणाने विचारलं, “कोण गं ती बिचारी?” आणि तू डोळे मिचकावून म्हणालीस, “ओळखा पाहू, बाबा!”

ओळखा पाहू! नेल्सी, हे काय कोडं होतं? जत्रेतला खेळ होता? बाबांनी ओळखलं, तेव्हा झोळीचा झोका थांबला. त्यांनी विचारलं, “यंत्र चुकत नसेल ना कधी?” आणि तू अभिमानाने सांगितलंस की आकडे पुन्हा पुन्हा तपासून घेतलेत, चुकायचा प्रश्नच नाही. संध्याकाळच्या बसने तू गेलीससुद्धा. आत्या एवढंच म्हणाली, “शिकली पोरगी, पण कुणापुढे काय बोलावं हे शिकायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी मी कबरस्तानात गेले. मेलेल्यांना वर्षातले त्यांचे दिवस येण्याआधी उठवू नये, हे तुला आईनेच शिकवलं होतं. तरी मी अवेळी गेले, कोनाड्यातून आईच्या हाडांची पेटी उतरवली आणि तिची माफी मागत एकेक हाड फडक्यावर मांडलं. डाव्या बाजूची एक बरगडी नाही. गेल्या वर्षी त्या दिवसांत, हाडं पुसायच्या वेळी, तू म्हणाली होतीस, “ताई, यंदा आईला मी एकटीच पुसते.” मला काय आनंद झाला होता! पुरल्यावर तीन वर्षांनी जमिनीतून काढल्यापासून तिला ब्रश लावायला तू कधी आली नव्हतीस, काम आहे, परीक्षा आहे, खोदकाम आहे. मी गल्लीभर सांगत सुटले की माझी बहीण आईला पुसायला आली. मी भरतकाम केलेलं नवं फडकं तू पेटीत किती नीट अंथरलंस, लांब हाडं कडेला, कवटी वर, चेहरा उजेडाकडे. आणि पर्समध्ये बरगडी. मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून मागितली नाहीस. याला आपल्याकडे चोरी म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात ते तुझं तू बघ.

आणि चोरून आणून काय शोधलंस? आई खालच्या थरातली होती! अगं, तिच्या घरात मांस नव्हतं का? बाबांची बंदूक गावात नावाजलेली. दर सोमवारी घेवड्यात डुक्कर शिजायचंच. फक्त तिच्या ताटलीपर्यंत ते पोहोचत नव्हतं. ती सगळ्यांना वाढायची आणि चुलीपाशी बसून भाकरी रश्श्यात बुडवून खायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, “चव बघता बघताच पोट भरलं माझं.” बाबांना मोठा वाटा, कारण ते शेतावर राबतात. आणि धुरावर वाळवलेलं हरणाचं मांस केळीच्या पानात बांधून मेरिदाच्या बसमध्ये कुणाच्या नावाने जायचं? “अभ्यासाने नेल्सीचं डोकं दुखतं, तिला ताकद हवी,” असं म्हणत आई स्वतः बसस्टॉपवर जायची. हे तुझ्या लेखात कुठे आहे? राजवाडा कुणाचा होता ते लिहायचं राहिलं वाटतं. मला तुझा इतका राग येतो ना, की ही ओळ लिहितानाही पेन कागदात रुततंय.

आता बाबांचं ऐक. तू गेल्यानंतरच्या सोमवारी त्यांनी घेवड्यातले डुकराचे तुकडे वेचून माझ्या ताटलीत टाकले. मला वाटलं, दात दुखत असतील. मग अंडंही सोडलं. कोंबडीचा रस्सा केला तर म्हणतात, वास येतो. भाकरी, मीठ, मिरची, झालं जेवण. आत्याने आधी टोमणे मारले, “जन्मभर हरणाच्या तंगड्या फोडल्या आणि आता संत व्हायला निघालाय माझा भाऊ!” आता तिनेही बोलणं सोडलंय. सप्टेंबरमध्ये ते अंगणात पडले. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली की अंगात रक्त नाही, या वयात असं चालणार नाही, मांस खायलाच हवं. घरी आणून मी पाया पडले, ओरडले, रडले. शेवटी एका दुपारी त्यांनी मला झोळीजवळ बोलावलं आणि लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं, “लांदी, नेल्सी म्हणाली ना, हाडं हळूहळू नवी होत जातात, आपण खातो त्याची बनतात. माझी जेवढी वर्षं राहिलीत तेवढ्यात जितकी बदलतील तितकी बदलू देत. उद्या माझी पेटी तिच्या पेटीशेजारी ठेवाल. तिथे तिच्या बाजूला मला राजवाड्यातला म्हणून बसायचं नाही.”

मी म्हटलं, बाबा, असलं काही नसतं. ते म्हणाले, “तुला काय कळतं त्यातलं? तू फडकी भरतेस.” खरंच आहे. मी सांगून उपयोग नाही, आत्याने सांगून नाही, पाद्री येऊन गेले, त्यांनाही त्यांनी हसून वाटेला लावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नेल्सी. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

बरगडी परत कर, माफी माग, असलं काही सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तो हिशेब आपल्या दोघींचा, तो मी नंतर करीन आणि सोडणार नाही. पत्र एवढ्यासाठी की तू ताबडतोब ये आणि बाबांशी खोटं बोल. सांग की नमुन्यांची अदलाबदल झाली, ती आईची बरगडी नव्हतीच, आईची आता तपासली आणि तिने चांगलं पोटभर मांस खाल्लेलं दिसलं. कागद लागला तर छापून आण, शिक्का मारून आण. तू आयुष्यात कधी आकड्याला धक्का लावला नाहीस, हे मला माहीत आहे. तुझा तो सगळ्यांत मोठा अभिमान आहे आणि मी तो मोडायला सांगते आहे. नाही जमणार म्हणालीस तर थोड्या दिवसांत तपासायला तुला बाबाही मिळतील. पण ये. आमच्यापैकी कुणीही हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही. तुझ्यावर बसेल, कारण या घरात त्यांच्याशी एकदाही खोटं न बोललेली तू एकटीच आहेस.

रागावलेली, तरीही तुझीच,
लांदी